भविष्यकथनातील कथन

मराठीत भविष्य सांगण्याच्या व्यवहाराला ‘भविष्यकथन’ असा शब्द रूढ आहे. आणि कथात्म साहित्याच्या विचारातही ‘कथन’ हीच संज्ञा मध्यवर्ती आहे. एकाच शब्दाचे हे दोन वापर शेजारीशेजारी नांदत असूनही त्यांची परस्परांशी गाठ घालून द्यावी असे समीक्षेला सहसा वाटत नाही. ज्योतिषी सांगतो ते विधान, कथाकार सांगतो ते कथन, अशी वाटणी गृहीत धरलेली असते. हे गृहीत निम्मे बरोबर आहे. देवाला लावलेला कौल ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच बोलतो. शकुन ही एक सुटी खूण असते. जत्रेत पिंजऱ्यातला पोपट चोचीने पाकीट ओढून काढतो तेव्हा तेही एकाच पानाचे निकालपत्र असते. पहाटे दारावर येणारा पिंगळा किंवा कुडमुड्या जोशी मात्र ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत एका खुणेला दुसरी खूण जोडत जातो, आणि तेथे काहीतरी वेगळे घडू लागते. पहिल्या खुणेशेजारी दुसरी येऊन बसली, की त्या दोहोंमध्ये काय घडले असावे हा प्रश्न उभा राहतो. कथन या प्रश्नापासून सुरू होते.

टॅरोची पाने या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहेत. येथे खुणा एकापुढे एक मांडल्याच जातात. त्यांची चित्रे प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उघडी असतात. आणि पाने तीच राहूनही संच निरनिराळ्या चित्रकारांचे असू शकतात. त्यामुळे कथनाचा ओघ नेमका कशातून निर्माण होतो, चित्रातून, क्रमातून, सांगणाऱ्यातून की ऐकणाऱ्यातून, हे येथे जवळजवळ प्रयोगशाळेत पाहावे तसे पाहता येते.

बारामतीच्या एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गांना कथनमीमांसा शिकवणाऱ्या आणि इंदापूर तालुक्यातून रोज एस.टी.ने ये-जा करणाऱ्या एका प्राध्यापिकेकडे टॅरोचे तीन कॅट आहेत. पानांना भविष्य ठाऊक असते असे त्या मानत नाहीत. ‘कथाबीज’ आणि ‘कथानक’ यांतील फरक वर्गात दाखवण्यासाठी त्यांनी पहिला कॅट घेतला. विद्यार्थ्यांनी तीन पाने ओढायची आणि गोष्ट रचायची. एका कॅटने वर्ग बोलका होतो आणि दुसऱ्याने मुका, हे ध्यानात आल्यावर उरलेले दोन आले. पुढे नात्यातल्या बायका घरी येऊन ‘माझी पाने बघ’ म्हणू लागल्या, तेव्हा निवडीचा प्रश्न केवळ अध्यापनाचा राहिला नाही.

टॅरो हा मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत रुजलेला पत्त्यांचा खेळ. त्यात ७८ पाने असतात. त्यांपैकी २२ चित्रपाने : २१ हुकमाची आणि एक ‘मूर्खा’चे. उरलेली ५६ पाने दंड, पेले, तलवारी आणि नाणी या चार रंगांची. प्रत्येक रंगात एक ते दहा ही अंकांची पाने आणि चार दरबारी पाने. १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ याने या पानांचे मूळ प्राचीन इजिप्तमध्ये असल्याचे निराधार मत मांडले आणि खेळाच्या साधनाला गूढविद्येचे वलय चिकटले. त्या काळी फ्रान्समध्ये प्रचलित असलेल्या मार्सेय पद्धतीच्या कॅटात अंकांच्या पानांवर प्रसंग नसतो. पेल्याच्या अठ्ठीवर आठ पेले आणि वेलबुट्टी. तलवारीच्या छक्कीवर सहा वाकलेली पाती आणि मधोमध एक फूल. तेथे गणना आहे, घटना नाही.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांची या संदर्भात आठवण होणे अपरिहार्य आहे. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात बारा पाने, एकूण १२० पाने; राजा आणि प्रधान यांची चित्रे रेखीव, उरलेल्या पानांवर मत्स्याच्या रंगात एक ते दहा मासे, कूर्माच्या रंगात तितकीच कासवे. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा असेल त्याने आणि रात्री कृष्णाचा राजा असेल त्याने खेळाला आरंभ करायचा, असा संकेत. विष्णुपुराणाचे सारे नायक हातात असूनही गंजिफा त्यांची कथा सांगत नाहीत. त्यांचा क्रम श्रेष्ठकनिष्ठतेचा आहे, पूर्वापर घटनांचा नाही. पात्रे हाती आली म्हणजे कथा हाती आली असे होत नाही, हा धडा गंजिफांइतका स्पष्टपणे क्वचितच कोणी देत असेल.

टॅरोच्या बाबतीत हे चित्र बदलले ते लंडनमध्ये, १९०९ साली. आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ (१८७८–१९५१) या चित्रकर्तीने ७८ पाने नव्याने रेखाटली आणि अंकांच्या पानांवरही माणसे व प्रसंग आणले. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या ‘सोला बुस्का’ या इटालियन संचात असा प्रकार आढळतो, आणि स्मिथची काही पाने त्या संचाशी जवळीक दाखवतात. पण व्यापक प्रचारात आलेला असा पहिला कॅट हाच. तो प्रकाशक रायडर आणि योजक वेट यांच्या नावांनी ओळखला जाऊ लागला. चित्रकर्तीचे नाव दीर्घकाळ मागे राहिले. काम फार मोठे आणि मोबदला फार थोडा, असे तिने त्याच वर्षी आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना पत्राने कळवले होते.

स्मिथच्या पानांना ओघ कोठून लाभला, याचे उत्तर तिच्या दुसऱ्या उद्योगात सापडते. तिच्या बालपणीचा काही काळ जमैकात गेला. तेथल्या अनान्सीच्या लोककथांचे तिचे पुस्तक १८९९ साली निघाले, आणि लंडनच्या दिवाणखान्यांतून ती या कथा बैठकीत सांगत असे. लायसियम नाट्यगृहाच्या मंडळींशी तिचा निकटचा संबंध होता, आणि खेळण्यातल्यासारख्या छोट्या रंगभूमीवर चित्राकृती हलवून नाट्य उभे करण्याची तिला आवड होती. तिच्या कित्येक पानांवर माणसांच्या मागे एक आडवी रेषा दिसते : पुढे रंगमंचाची फळी, मागे पडदा. म्हणजे कथनाला साहाय्यभूत ठरलेला हा कॅट ज्या हाताने काढला, तो चित्र दाखवत गोष्ट सांगणाऱ्या स्त्रीचा हात होता.

चित्र दाखवत गोष्ट सांगणे महाराष्ट्राला परके नाही. १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये भिक्षेवर जगणाऱ्या जातींच्या वर्णनात चित्रकथींची नोंद आहे; आणि कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाने ही कला अद्याप जिवंत ठेवली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. चित्रकथीच्या गठ्ठ्याला ‘पोथी’ म्हणतात. चित्रे सुटी असतात, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवलेली. एक प्रसंग गाऊन झाला की पान उलटायचे. येथे क्रम ठरलेला असतो. रामायण–महाभारतातली कथा श्रोत्याला आधीच ठाऊक असते. तरीही दोन चित्रांच्या मधला काळ, म्हणजे पान उलटेपर्यंतचे गाणे, हा सांगणाऱ्याच्या मालकीचा असतो, आणि ऐकणारा त्यासाठीच बसलेला असतो. टॅरोने ही पोथी पिसून टाकली आहे, एवढाच काय तो फरक. चित्रे आहेत, मधली मोकळी जागाही आहे. क्रम मात्र प्रत्येक वेळी नवा.

हा नवा क्रम किती प्रकारांनी लागू शकतो? ७८ पानांतून तीन पाने क्रमाने मांडण्याचे ४,५६,४५६ मार्ग आहेत. पत्त्यांवरील भविष्यकथनाकडे साध्या वाक्यरचनेची चिन्हव्यवस्था म्हणून पाहण्याचा प्रयत्न १९६०च्या दशकात सोव्हिएत चिन्हमीमांसकांनी, लेकोम्त्सेवा आणि उस्पेन्स्की यांनी आणि स्वतंत्रपणे येगोरोव यांनी, केला तो याच आकर्षणातून. इतालो काल्विनो यांनी त्यांचा निर्देश केला आहे. १९६८ सालच्या उर्बिनो येथील परिसंवादातील पाओलो फाब्री यांच्या व्याख्यानाचाही. काल्विनो यांच्या ‘एकमेकांना छेदणाऱ्या नियतींचा किल्ला’ या कथाकृतीचा पहिला भाग १९६९ साली विस्कोंती घराण्याच्या चित्रित पानांसह प्रसिद्ध झाला. दुसरा भाग मार्सेय पानांवर रचून पूर्ण पुस्तक १९७३ साली आले. अरण्य ओलांडताना वाचा गमावलेले प्रवासी पाने मांडून आपापली हकिगत सांगतात. एकाचे पान दुसऱ्याच्या हकिगतीतही येते, पण तेथे त्याचा अर्थ पालटलेला असतो. पानाला स्वतःचा अर्थ नसून स्थानाचा अर्थ असतो, हा संरचनावादाचा सिद्धान्त येथे कथारूप घेतो.

तरीही एक गोष्ट या साऱ्या विवेचनातून निसटते. काल्विनो यांचे प्रवासी स्वतःचीच गोष्ट मांडतात. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र पाने मांडणारा एक आणि जिची गोष्ट आहे ती दुसरी. ओघ कोणाचा, हा प्रश्न तेथे सौंदर्याचा उरत नाही, सत्तेचा होतो.

प्राध्यापिकेच्या मावशींचे माहेर उजनीच्या पाण्याखाली गेलेले. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. इंदापूर तालुक्यातील नदीकाठ पाण्यात गेला. पाणी फार ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीत मावशींचा हिस्सा होता आणि भावांना हक्कसोडपत्रावर त्यांची सही हवी होती. मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्ती २००५ सालची. पण कायदा एकीकडे आणि दिवाळीला माहेरचे दार उघडे राहणे दुसरीकडे, हे मावशी जाणून होत्या. प्राध्यापिकेच्या आईने ही सही बऱ्याच वर्षांपूर्वी केलेली होती. त्यामुळे पाने मांडणारी व्यक्ती या गोष्टीत तटस्थ नव्हती.

पाने निघाली ती अशी : पेल्यांची अठ्ठी, तलवारींची छक्की, नाण्यांची दश्शी. स्मिथच्या कॅटात पहिल्या पानावर तांबड्या वस्त्रातला एक माणूस रचलेले पेले मागे टाकून चंद्रप्रकाशात डोंगराकडे निघाला आहे. दुसऱ्यावर नावाडी, नावेत पाठमोरी बसलेली स्त्री आणि मूल, पुढे रोवलेल्या सहा तलवारी; नावेच्या एका अंगाला पाणी खळबळलेले, दुसऱ्या अंगाला शांत. तिसऱ्यावर कमानीखालचे भरले घर : म्हातारा, दोन कुत्री, जोडपे, मूल. गोष्ट अक्षरशः आपोआप वाहते. सोडून दे, पार हो, सुखाच्या घरी पोच. तीन पानांत एक उपदेशकथा पुरी होते आणि तिचा शेवट सहीवर होतो. त्या ओघात कोणीही कोणावर जबरदस्ती केलेली नसते. चित्रांनीच उतार तयार केलेला असतो.

मावशी मधल्या पानाशी अडल्या. “ही नाव कोण हाकतंय गं?” त्यांनी विचारले. आणि थोड्या वेळाने : “आन् ही बाई मागं वळून का बगत न्हाई?” चित्रात तिचा चेहरा नाही, तो चित्रकर्तीने काढलेलाच नाही. मग त्यांनी स्वतःच्या हाताने दश्शी उचलून पहिल्या जागी ठेवली. “घर आधी हुतं, पोरी. मग नाव. मग ह्यो चालत सुटल्याला माणूस.” पाने तीच होती, कथा आता विस्थापनाची झाली, आणि शेवटच्या पानावर पाठ फिरवून निघालेला माणूस पार होणारा न राहता हुसकलेला झाला. त्या वर्षी त्यांनी सही केली नाही. पुढे काय करायचे ते त्यांचे त्या ठरवतील. पानांनी त्यांना काही सांगितले असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्यांनी पानांकडून आपले वाक्य वदवून घेतले.

हीच तीन पाने त्या दुपारी उरलेल्या दोन्ही कॅटांतून काढून पाहिली गेली. मार्सेयकडे पाहून मावशी म्हणाल्या, “ह्यात काय हाय? भांड्याच्या दुकानावानी पेलं मांडल्यात.” तिसरा कॅट अलिस्टर क्रोली यांच्या कल्पनेनुसार फ्रीडा हॅरिस यांनी १९३८ ते १९४३ या काळात रंगवलेला, १९६९ साली पत्त्यांच्या रूपात निघालेला ‘थॉथ’. चित्रे तेजस्वी, पण अंकांच्या बहुतेक पानांखाली इंग्रजीत एक भाववाचक नाम छापलेले : अठ्ठीला आळस, छक्कीला विज्ञान, दश्शीला संपत्ती. प्राध्यापिकेने नावे मराठीत सांगताच मावशींचे पाहणे थांबले. नाव कळले की चित्र संपते. मार्सेयमध्ये ऐकणारीला शिरायला दार नव्हते. थॉथमध्ये दारावर पाटी होती.

यावरून कॅट निवडण्याचे जे निकष हाती येतात ते ‘सुंदर’ किंवा ‘सोपा’ यांहून वेगळे आहेत. चित्रात क्रिया असावी, पण ती पुरी झालेली नसावी. चालणारा पोचलेला नसावा. काही चेहरे न दिसणारे असावेत, कारण पाठमोऱ्या माणसाला ऐकणारी आपला चेहरा देऊ शकते. एका पानातले पाणी, रस्ता, क्षितिज शेजारच्या पानात शिरू शकेल असे असावे, म्हणजे क्रम बदलला तरी जमीन तुटत नाही. आणि पानावर शब्द शक्यतो नसावेत. ओघ हा गुण खराच. पण जो कॅट प्रत्येक मांडणीतून गुळगुळीत कथा काढून देतो, तो प्रश्न विचारणारीला श्रोत्याच्या जागी बसवून ठेवतो. जेथे ती मध्येच थांबू शकते, पान उचलून दुसरीकडे ठेवू शकते, तो ओघ खरा कथनाचा. स्मिथचा कॅट श्रेष्ठ ठरतो तो त्यात गोष्टी आहेत म्हणून नव्हे. त्या गोष्टी मोडता येतात म्हणून.

बारामतीत हा विचार अगदीच परका ठरू नये. कऱ्हाकाठच्या या गावात बाबूजी नाईकांच्या आश्रयाने राहिलेल्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) एकच रामकथा शंभरावर रामायणांत पुनःपुन्हा सांगितली, दर वेळी नवे बंधन स्वतःवर लादून. त्यांच्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत, म्हणजे ज्याची कथा त्या रामाचे नावही उच्चारता येत नाही, कारण त्यातला ‘म’ ओठांवाचून निघत नाही. मोरोपंतांच्या या खटाटोपाकडे समीक्षेने बरेचदा शब्दचमत्कृती म्हणून पाहिले. पण टॅरोच्या बाजूने पाहिले की त्याचा दुसरा अर्थ दिसतो. मोरोपंतांजवळ कथा एक आणि बंधने अनेक. टॅरोजवळ बंधन एक, ७८ पानांचे, आणि कथा अनेक. दोन्हीकडे जे नाव घेता येत नाही त्याच्या भोवतीने कथा जाते. मावशींनी त्या साऱ्या बोलण्यात ‘वाटणी’ आणि ‘हक्क’ हे शब्द एकदाही उच्चारले नाहीत. भावांच्या संदर्भात ते शब्द उच्चारणे त्यांच्या जगात वर्ज्य होते. त्यांनी घर, नाव आणि चालता माणूस एवढ्यांतूनच सारे सांगितले.

भविष्यकथनातला ‘भविष्य’ हा शब्द म्हणून दुय्यम मानायला हरकत नाही. पुढे काय होईल हे पाने सांगत नाहीत. झालेल्या गोष्टींचा कोणता क्रम आपला मानायचा, हे मात्र त्यांच्या साहाय्याने एखादी व्यक्ती ठरवू शकते, आणि पुढची कृती त्या क्रमावर अवलंबून असते. कथनमीमांसेने क्रमाचा विचार पुष्कळ केला. क्रम लावण्याचा अधिकार कोणाचा, हा विचार तिने तुलनेने कमी केला आहे. पाने पिसणारा हात एकाचा असला तरी मांडलेले पान हलवण्याची मुभा ऐकणाऱ्याला असली पाहिजे. ती मुभा देणारा कॅट निवडणे ही केवळ अभिरुचीची बाब नव्हे.